धुवायला न दिलेला पाय

फार फार पूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि ओहोटीला माणसं चिखल तुडवत पलीकडे जात, तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या एका गावात छोटंसं चर्च होतं. चर्चमागच्या कौलारू घरात आजारी माणसं ठेवत, आणि त्यांची देखभाल एक सेवेकरी करी.

सेवेकरी भला माणूस. कुणाला भरव, कुणाचं अंथरूण बदल, कुणाची जखम धू, यातच त्याचा दिवस सरे. मात्र दुखणं अंगावर काढणाऱ्याची तो गय करत नसे. एका कोळणीच्या बोटात माशाचा काटा मोडला आणि तिने तो तसाच राहू दिला, तेव्हा तो तिला सगळ्यांदेखत बोलला, "हात काय तू घरी घडवलास? देवाने दिलाय तो. सांभाळता येत नसेल तर तसं सांग त्याला." कोळणीने मान खाली घालून लेप लावून घेतला. तिचा हात वाचला.

खाडीपलीकडे एक आंधळी आजी एकटीच राहायची. रोज ओहोटी लागली की सेवेकरी पेजेचं मडकं घेऊन तिच्याकडे जाई. हे त्याने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं तो मनाशी म्हणे. खरं सांगायचं तर त्याला या पुण्यात वाटेकरी नको होता.

एके दिवशी चिखलात कालवाची शिंप त्याच्या टाचेत घुसली. कालवाची जखम चिघळते, हे त्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. जखम गोड्या पाण्याने धुवायची आणि सुकेपर्यंत चिखलात पाय घालायचा नाही. सेवेकऱ्याने नुसतं फडकं गुंडाळलं. "प्रभूने खिळे सोसले, मला शिंपेचं काय?" असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

पाय सुजला, ठणकू लागला. ठणका वाढला की त्याला आतून बरंच वाटे, आपण देवाला काहीतरी वाहतोय असं. पुढे फडक्याला वास येऊ लागला, तेव्हा तो लोकांपासून चार हात लांब उभा राहू लागला.

अशात ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीचा दिवस. गावची रीत अशी की सगळ्यांनी गोल बसायचं, उजवीकडच्याचे पाय धुवायचे आणि डावीकडच्याकडून आपले धुऊन घ्यायचे. सेवेकरी दरवर्षी पाण्याची घागर उचलायचा आणि फिरत राहायचा. त्यामुळे त्याचे पाय कधी कुणी धुतलेच नव्हते. लोक म्हणत, केवढा हा नम्रपणा.

त्या वर्षी म्हाताऱ्या धर्मगुरूंनी घागर त्याच्या हातून काढून घेतली. "बस."

"माझे राहू द्या, बाबा."

"प्रभूला 'माझे पाय धुऊ नका' म्हणणारा शिष्यही शेवटी बसला होता. तू कोण मोठा लागून गेलास?"

तो बसला. डावीकडे नेमकी तीच कोळीण होती. फडकं जखमेला चिकटलं होतं. तिने ते भिजवून हळूहळू सोडवलं. दर्प सुटला, जवळच्यांनी तोंडं फिरवली. टाच काळी पडली होती. कोळणीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाणी ओतत राहिली. ती चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"देवासाठी सोसत होतो," तो पुटपुटला.

धर्मगुरू म्हणाले, "देवाने तुला सेवा सांगितली. पाय कुजवायला कधी सांगितलं? शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची ना? या पायावर केलीस तशी प्रीती तू आमच्यावर केली असतीस, तर आमचं काय झालं असतं?"

वैद्याने पाहिलं, पण फार उशीर झाला होता. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. सेवेकरी काही दिवस तापात "पेज, पेज" असं बरळत होता. कुणाला अर्थ लागेना. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "पलीकडे आजी उपाशी आहे."

कोळणीने होडी काढली. आजी जिवंत होती, पण तिला उठवत नव्हतं. तिला आणून सेवेकऱ्याच्या शेजारी निजवलं, घोटघोट पेज पाजली. अंगात जरा त्राण आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या पावलांची चाहूल येईना रे बाळा. वाटलं, तुझंच काही बरंवाईट झालं." आपल्यासाठी रोज चिखल तुडवणाऱ्या त्या पायांवरून तिला हात फिरवायचा होता. एका पायावरून तिने हात फिरवला, मग ती दुसरा चाचपू लागली.

"दुसरा कुठाय रे?"

सेवेकऱ्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी त्या गुरुवारी तो कुबडी टेकत आला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. कोळीण पाणी घेऊन आली. शरमेने त्याची मान वर होत नव्हती, पण उरलेला पाय त्याने आपणहून पुढे केला.

देह ही देवाने आपल्याकडे दिलेली ठेव आहे. ती सांभाळणं हीसुद्धा सेवाच, आणि ती नासवण्याला त्याग म्हणत नाहीत.