दोन हजार पाचशे वीस सोनकरवंदं

डोंगराच्या कुशीत, बकुळीच्या रानाला लागून दहा खोपटांची एक वाडी होती. त्या वर्षी शेतं करपली आणि वाडीतल्या चुली थंडावल्या. टोकाच्या खोपटात चिमुकली वेणू आजारी आईजवळ राहायची. पोटात कावळे ओरडत, तरी आपल्या वाट्याचं ओंजळभर पाणी ती रोज एका सुकत्या बकुळीला घालायची.

एका सकाळी त्या बकुळीतून इवलीशी परी उतरली. तिचे पंख मोरपंखी होते आणि पैंजणांवर दवाचे थेंब चमचमत होते.

"वेणू, एक संख्या माग," परी म्हणाली. "तेवढी सोनकरवंदं देईन. एक करवंद म्हणजे एका घराची एका दिवसाची भूक. उद्या वाडीतली किती घरं येतील, मला ठाऊक नाही. जितके हात पुढे होतील तितके सारखे वाटे कर. एक जरी उरलं, तरी सगळ्यांची माती होईल. आणि गरजेहून मोठी संख्या मागू नकोस."

वेणू खडे घेऊन बसली. साठ खडे एकापासून सहा जणांपर्यंत कसेही वाटले तरी पुरत, पण साताला अडत. तिनं सातपट केली, चारशे वीस झाले. आठासाठी दुप्पट केली, आठशे चाळीस झाले. नवासाठी तिप्पट केली, दोन हजार पाचशे वीस झाले. दहा त्यात आपसूकच बसले. तिनं ती संख्या मागितली आणि टोपली सोन्यासारखी उजळली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या नऊही घरांची माणसं आली. वेणू दहावी. प्रत्येकी दोनशे बावन्न, म्हणजे नवं पीक येईपर्यंत ददात नाही. वाटणाऱ्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा, ही वाडीची रीत. वेणू वाटायला वाकली, तोच नदीपलीकडून एक अनोळखी म्हातारी आली. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं. तिनंही हात पुढे केला.

वेणूनं मनात भागून पाहिलं. अकरा जणांना प्रत्येकी दोनशे एकोणतीस जात होती आणि एक उरत होतं.

"ती आपल्या वाडीची नाही. परत पाठव तिला," शेजारचे भिवाकाका हळूच म्हणाले.

वेणूनं दारात निजलेल्या आईकडे पाहिलं. वेणूचे डोळे भरून आले. मग तिनं आपलाच हात पाठीमागे घेतला आणि दहा वाटे केले. टोपली रिकामी झाली.

"आपला वाटा गं?" आईनं क्षीण आवाजात विचारलं.

"आई, त्या आजींजवळ बाळ आहे," वेणू म्हणाली.

म्हातारीनं आपल्या वाट्यातली तेवीस करवंदं मोजली आणि वेणूच्या टोपलीत ठेवली. भिवाकाकांची मान खाली गेली. त्यांनीही तेवीस ठेवली, मग इतरांनीही. आता प्रत्येकाजवळ दोनशे एकोणतीस होती आणि टोपलीत दोनशे तीस. एक जास्त! सगळे भीतीनं मागे सरले.

बकुळ हलली, परी खाली आली.

"भिऊ नका. हे उरलेलं नाही, दिलेलं आहे," ती म्हणाली. "वेणू, ते पेर."

वेणूनं ते एक करवंद मातीत पुरलं. तिथे करवंदाची कोवळी सोनेरी जाळी उगवली, फळांनी लवली, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. पहिलं फळ वेणूनं आईच्या ओठांना लावलं.

आजही त्या वाडीत वाटे करताना न आलेल्या पाहुण्याचा वाटा आधी काढतात.