पिवळा की निळा

“...मग पिवळा द्यावा की निळा, बाबा?”

पुंडलिकशेठनी रंगवलेल्या दोन फळ्या मदारबाबांपुढे ठेवल्या. एक फिकट पिवळी, दुसरी गडद निळी. शेठचं स्वतःचं रंगाचं दुकान. तालुक्यात कुणाला जुमानायचे नाहीत. असा माणूस टेकडीवरच्या फकिराला रंग विचारायला आला, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

बाबा दर्ग्याच्या ओट्याला चुना देत होते, चुन्याची बादली माझ्या हातात होती. “कुठल्या खोलीला?”

“निजायच्या. पहिली बायको लग्न होऊन आली तेव्हा तिनं तिथं भिंतीवर कुंकवाचे हात उमटवले. आमच्यात रीतच आहे. ती वारली. गुरुवारी दुसरी येतेय. तिला ते हात दिसता कामा नयेत.”

“मग?”

“पिवळा दिला. तिसऱ्या दिवशी हात वर आले. खरवडून निळा दिला... त्यातही आले. माल अस्सल आहे, बाबा. वीस वर्षं रंग विकतोय मी.”

“जागच्या जागीच आले?”

शेठ घुटमळले.

“नाही... दर खेपेला हातभर दाराकडे सरकतात.”

बाबांचा कुंचला थांबला. “ती गेली तेव्हा दार कसं होतं?”

“साथीचा ताप होता. घरात म्हातारी आई, पोरंबाळं...”

“दार, बेटा.”

“बाहेरून कडी होती.”

“कुणी लावली?”

...

शेठ फळ्या पुन्हा सरळ मांडू लागले.

बाबांनी शेठचा हात धरला आणि ओल्या चुन्यावर दाबला. शेठचा पंजा चांगला रुंद, बोटांत दोन जाड अंगठ्या. हात उचलला तर चुन्यात ठसा होता लहानसा, निमुळत्या बोटांचा. अंगठ्यांची खूणसुद्धा नाही.

मला त्यांची कीव आली, आणि रागही. कारण एवढं पाहूनही त्यांनी फळ्याच पुढे सरकवल्या.

“गुरुवार परवावर आलाय, बाबा... काहीतरी सांगा. पिवळा की निळा?”

बाबांनी दोन्ही फळ्या उचलून त्यांच्या काखेत दिल्या.

“कुठलाही दे. पण रोज दाराबाहेर बसत जा, बेटा. ती दारापर्यंत पोचेल तेव्हा कडी काढायला कुणीतरी हवं.”