तीन चिरा

"मधलं ते कशाला ठेवायचं, मॅडम? तेही जाळून टाकतो."

शार्दूलने मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलताच विचारलं.

टेबलावर भागीरथीबाई कासार भुलीत निजल्या होत्या. न्यूमोनियात बावीस दिवस घशात नळी होती. त्यातून वाचल्या, पण नळी घासली तिथे श्वासनळीत व्रण धरला आणि वाट पेन्सिलीएवढी उरली. बांगड्या भरताना गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलल्या तरी धाप लागायची.

लेझरने तीन चिरा देऊन झाल्या होत्या. चिरांच्या मधे नाजूक गुलाबी पट्ट्या उरल्या होत्या.

"राहू दे," डॉ. इरावती सबनीस म्हणाल्या.

"वाट पूर्ण गोल होईल. माझा हात हलत नाही."

"नाही हलत."

भूलतज्ज्ञांनी श्वासाची नळी पुन्हा बाहेर काढली. लेझर चालताना आत प्राणवायू नको, पेट घेतो. म्हणून मिनिटभर बाईंचा श्वास थांबलेला…

शार्दूल पुन्हा त्या बोगद्यात उतरला. ओला, मऊ, चकाकता. कुठे आवाज नाही. लेझरचा लाल ठिपका त्याच्या बोटांसरशी भिंतीवर तरंगत होता. तो टेकेल तिथली भिंत धूर होऊन विरणार होती. स्वच्छ, गोल वाट त्याला दिसायलाच लागली… आपण त्या वाटेने चाललो आहोत, असं वाटलं.

लेझर सोडायच्या पेडलवर त्याचा बूट टेकला.

कुणीतरी त्याच्या पायाला हात लावला.

त्याने खाली पाहिलं. साठी उलटलेल्या सबनीस मॅडम वाकल्या होत्या. त्यांनी त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला फरशीवर ठेवला.

"मॅडम… तुम्ही माझ्या पायाला…"

त्याचे कान तापले.

बाईंना श्वास देऊन झाल्यावर शार्दूलने फुग्याने वाट हलकेच रुंदावली. काम संपलं.

दीड महिन्याने त्याने बाईंच्या घशात दुर्बीण घालून पाहिलं. त्या पट्ट्यांच्या काठांवरून नवं अस्तर पसरत जाऊन चिरांवर एकमेकांना भेटलं होतं. वाट मोकळी होती. बाहेर आल्यावर भागीरथीबाई जावेबद्दल बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

त्या गेल्यावर तो सबनीस मॅडमच्या खोलीत गेला.

"सगळं गोल जाळलं की व्रण पुन्हा आवळतो, हे पुस्तकातलं पाठ होतं मला, मॅडम. तरी त्या दिवशी जाळलंच असतं. मला वाटत होतं, हात शिकलाय."

"हात शिकलाय," त्या म्हणाल्या. "आता पायाला शिकव."