पाठीवरची तळहाताएवढी जागा

“आणि पाठीचं काय?” बुवांनी विचारलं.

निशिकांत देवतळे थांबला. हातांना, पायांना, मानेला, अगदी कानांच्या मागेसुद्धा क्रीम लावून झालं होतं.

“पाठीलाही लावलंय.”

“कुठवर?”

“हात पुरतो तिथवर.”

“हां,” बुवा म्हणाले आणि नदीकडे पाहू लागले.

वैशाखात पूर्णा वाहत नाही. जागोजागी डोह धरून नुसती बसून राहते. अशा बसलेल्या पाण्यावर सांज झाली की डासांची जत्रा भरते आणि काठावरचा माणूस हा त्या जत्रेतला प्रसाद असतो.

निशिकांतला हे ठाऊक होतं. अकोल्यात त्याचं औषधांचं दुकान होतं. तयारीशिवाय तो स्वतःच्या अंगणातही जायचा नाही. त्यानं येताना तंबू आणला होता, कॉइल आणल्या होत्या, फवारा आणला होता, वैशाखात कोणी घालणार नाही असे लांब बाह्यांचे सदरेही आणले होते. घरी सांगून आला होता की उन्हाळ्याची सहल आहे.

सहलीला माणूस एकटा जात नाही. पण घरी कोणी विचारलं नाही, आणि यानंही सांगितलं नाही.

काठावर दोन झोपड्या होत्या. एकीत उकंडबुवा राहत. दुसरीत त्यांचे गुरुबंधू दौलतबुवा राहायचे, ते गेल्या माघात गेले. तेव्हापासून तिच्या दाराला नुसती दोरी बांधलेली होती. निशिकांतचं लक्ष आल्यापासून त्या दोरीवर होतं.

“बुवा, ती झोपडी रिकामी आहे ना?”

“झोपडी रिकामी हाय.”

“मला द्या. मला आता एकांत हवा. कायमचा.”

“काहून?”

“मला कोणाची गरज उरली नाही.”

“कोनाचीच?”

“कोणाचीच.”

बुवांनी त्याच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं. एक डास त्यांच्या कानाशी गुणगुणत होता. त्याला त्यांनी हातानं नुसतं बाजूला सारलं.

“तुले कोनाची गरज नाही,” ते म्हणाले, “पन या डासायले तुही लय हाय.”

“चेष्टा नको, बुवा. पाठीवर तुमचा हात असू द्या. बाकी मी माझं बघतो.”

“सकाळी पाहू.”

बुवा उठले. करंजाच्या तेलाची वाटी घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं. वाटी चांगली मोठी होती, एका माणसाच्या मानानं जरा जास्तच.

निशिकांतनं तंबू ठोकला. आत शिरला तर भट्टी. चेन उघडली तर डास आत, लावली तर जीव गुदमरायला लागला. शेवटी सदरा काढून तो बाहेर सतरंजीवर आडवा झाला. डोक्याशी एक कॉइल, पायाशी एक. धूर सरळ वर जात होता, कोणाच्याच कामाचा नव्हता.

त्याला फार एकटं वाटलं. मग त्यानं स्वतःला समजावलं की यालाच एकांत म्हणतात, आणि कुशीवर वळला.

सकाळी बुवा दात घासत बाहेर आले तेव्हा निशिकांत करंजाच्या झाडाला पाठ लावून उभा होता आणि म्हशीसारखी घासत होता.

“ये. पाहू दे.”

“काही नाही, जरा...”

“पाहू दे म्हनलं ना.”

निशिकांत पाठमोरा झाला. हात स्वच्छ, पाय स्वच्छ, मान स्वच्छ, कंबरसुद्धा स्वच्छ. फक्त पाठीवर दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताएवढी जागा लालभडक सुजली होती. इतक्या मोठ्या देहात डासांनी तेवढीच जागा बरोबर शोधून काढली होती.

“इथं आंधी कोन लावत होतं?”

“घरी डासच नाहीत. सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत.”

“जाळ्यायच्या आंधी?”

निशिकांतनं सदरा उचलून झटकला.

“लहानपनी?”

“...गच्चीवर झोपायचो आम्ही. उन्हाळाभर. आई खोबरेल तेलात कापूर घालून द्यायची. मी कुंदाच्या पाठीला लावायचो, कुंदा माझ्या.”

“कुंदा कोन?”

“बहीण. माझ्या पाठची.”

“पाठची,” बुवांनी तेवढाच शब्द उचलला आणि तोंडात घोळवला. “माह्या पाठचं कोनी जगलं नाही. माह्या आंधीचंही नाही. म्हनून तर मले उकिरड्यावर लोळवलं अन् उकंडा नाव ठेवलं... कुठं रायते ते?”

“अमरावतीला.”

“बरी हाय?”

निशिकांतनं सदरा घातला, बटणं लावली. वरचं बटण चुकलं, ते पुन्हा लावलं.

“आज तिच्या मुलीचं लग्न आहे,” तो म्हणाला. “गोरज मुहूर्त.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वर आलेल्या उन्हाकडे पाहिलं.

“अन् मामा इथं?”

निशिकांत पुन्हा त्याच बटणाशी खेळू लागला.

“कालपासून ताकाले येऊन भांडं लपवू रायला तू.”

आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तो नसला म्हणून लग्न अडत नाही. कोणी चुलत, कोणी मावस उभा करतात आणि अक्षता पडतात. पण नवरीला मागे न वळताही कळतं कोण उभं आहे ते.

“काय झालं होतं?” बुवांनी विचारलं.

निशिकांतनं सांगायला सुरुवात केली तेव्हा आवाज दुकानातला होता, हिशोबी. “आई माझ्याकडे होती. डेंगू झाला. तापच आहे म्हणून मी दुकानातल्या गोळ्या देत राहिलो. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.” पुढे तो आवाज राहिला नाही. “तेराव्याला सगळे बसले होते. कुंदा सगळ्यांसमोर म्हणाली... दादा, दुकानभर डासांची औषधं, आणि आई डासानं गेली.”

“मंग?”

“तेव्हापासून बोललो नाही.”

“खोटं बोलली?”

डोहावर एक खंड्या सूर मारून गेला.

“नाही,” निशिकांत म्हणाला.

“म्हनून लागलं.”

“पण सगळ्यांसमोर, बुवा! माझी आई नव्हती का ती?”

“तिची बी होती.”

निशिकांत खाली बसला. बुवाही त्याच्याजवळ बसले.

“आली होती ती,” निशिकांत आपणहून म्हणाला. “गेल्या आठवड्यात दुकानात आली. काउंटरवर अक्षता ठेवल्या. म्हणाली, दादा, ऋतुजाच्या मागे मामा लागतो.”

“तू काय म्हनला?”

“मी गिऱ्हाइकाला कॉइल देत होतो.”

हे तो हसत सांगायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. एकटेपणाची लाज वाटते माणसाला. इतकी वर्षं ती त्यानं एकांत म्हणून मिरवली होती. आज सकाळी पहिल्यांदा ती उघडी पडली आणि त्याला कुठे पाहावं ते कळेना.

बुवांनी अंगातली बंडी काढली आणि त्याच्याकडे पाठ केली.

निशिकांत पाहतच राहिला.

म्हाताऱ्याचं हाडकुळं अंग करंजाच्या तेलानं चकाकत होतं. फक्त मधोमध तळहाताएवढी जागा कोरडी होती. तिथे नवे चावे होते, त्याखाली जुने होते, खाजवता न आल्यामुळे कशाला तरी घासून काढलेल्या खपल्या होत्या आणि त्याच्याही खाली काळे पडलेले डाग होते.

“तुम्हालाही?”

“माघापासून.”

“पण तुम्ही काल...”

“मी काल तुले विचारलं, पाठीचं काय. मले बी पायजे होतं उत्तर. तुह्याजवळ असंन वाटलं. एवढी पिशवी आनली होती.”

बुवांनी झोपडीच्या कुडाला टेकवलेली एक काडी दाखवली. तिच्या टोकाला चिंधी बांधलेली होती, तेलानं काळी पडलेली.

“हे करून पायलं. काडी पुरते तिथवर. पन काडीले समजत नाही, कुठं दुखते ते.”

“दौलतबुवा लावायचे?”

“आमचं पटत नव्हतं, बापू. तुले वाटत असंन दोन साधू, गोडीगुलाबी. छ्या! त्याले माह्या भजनाचा राग, मले त्याच्या घोरन्याचा. मयना मयना बोलनं बंद राहे.” बुवांनी दारातली तेलाची वाटी उचलून आणली. “पन सांज झाली का तो वाटी घेऊन येत होता. बोलत नव्हता. मी पाठ करत होतो त्याच्याकडं, मंग तो माह्याकडं. मानसं भांडले का पाठ फिरवतेत... आमी बी फिरवत होतो. तेल लावाले.”

निशिकांतनं ती काडी उचलून पाहिली.

“आठवण येते?” त्यानं विचारलं.

“लय येते. सांजच्याला जास्त.”

एवढं सरळ उत्तर त्याला बुवांकडून अपेक्षित नव्हतं. ज्यानं सगळं सोडलं त्याला आठवण येत नसेल, अशा भरवशावरच तर तो आला होता.

त्यानं वाटी ओढून घेतली. कडू वासाचं ते तेल तळहातावर घेतलं आणि बुवांच्या पाठीवर, त्या कोरड्या जागेवर, हळूच टेकवलं. बुवांचं अंग दचकलं. मग सैल झालं.

निशिकांत तेल जिरवत राहिला. किती दिवसांत त्यानं कोणाला असा हात लावला नव्हता, हे त्याचं त्यालाच आठवेना. दुकानात तो सुटे पैसेही काचेवर ठेवायचा.

कुठेतरी होला पक्षी घुमत होता. बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“बुवा,” निशिकांत म्हणाला, “मी राहतो इथे. रोज सांजेला लावीन.”

बुवांनी बंडी उचलून मांडीवर ठेवली.

“खरंच राहतो. सोडा ती दोरी.”

म्हाताऱ्याला मोह झाला होता, आणि तो लपवण्याइतकं त्यांच्याकडे काही शिल्लक नव्हतं. पुढची सांज त्यांना दिसत असणार, तिच्या पुढचीही. ते वळून त्या दोरी बांधलेल्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिले.

“लय बरं वाटंन मले,” ते म्हणाले. “तुहा हात चांगला हाय. अगदी जागेवर गेला.”

फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. अमरावतीची गाडी फाट्यावर थांबली की ड्रायव्हर चहा घेतो. त्या चहाइतकाच वेळ असतो.

निशिकांतनं हॉर्न ऐकला. ऐकला नाही असं केलं. घाईघाईनं सदऱ्याची बटणं काढली, सदरा बाजूला टाकला आणि बुवांकडे पाठ करून मान खाली घातली.

“आता माझ्या पाठीवर हात ठेवा,” तो म्हणाला. “मी हीच दीक्षा समजेन.”

बुवांनी वाटी उचलली. तळहातावर तेल घेतलं.

निशिकांत वाट पाहत होता. ती तळहाताएवढी जागा जळत होती. म्हातारा इतका जवळ बसला होता की त्याचा श्वास मानेला लागत होता. तेलाचा वास आला. मग तेलाचा एक थेंब मागे मातीत पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

हात मात्र आला नाही.

“बुवा?”

मागे वाटी मातीवर ठेवल्याचा आवाज आला.

“बुवा, लावा ना.”

“तिथं माहा हात पुरत नाही, बापू.”