ज्याचं नाव त्याच्याच अक्षरात

“…आणि हे सगळे कोण?”

बुवांनी डोळे बारीक करून लॅपटॉपवरच्या लांबलचक यादीकडे पाहिलं.

“फॉन्ट आहेत, बुवा. अक्षरांची वळणं. इथून एक निवडायचं, की मजकूर त्या वळणात दिसतो.”

“असं होय. मग ह्याचं नाव काय?” बुवांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं. “ड्ढफ्म्लीह्व.”

सुश्रुतने कपाळाला हात लावला.

“आणि हा त्याचा धाकटा भाऊ दिसतो. ण्हीठ्ठण.” बुवा खुशीत आले. “वा. कवळी घट्ट बसली असेल तरच उच्चारावं.”

सुश्रुतला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

मोरणा नदीच्या काठावर एक छोटासा मठ आहे. केवळगिरबुवा तिथले प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर सकाळी झाडायचं, दुपारी वाढायचं आणि उरलेल्या वेळात लोकांची थट्टा करायची. सुश्रुत पाटणकर हा पुण्याचा. मोठमोठ्या साहेबांना स्लाइड्स कशा कराव्यात ते शिकवणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी सांगत नाही, तोच सांगायचा.

पण मनाने तो वाईट नव्हता. दोन वर्षं तो शनिवार-रविवार मठात येत होता. बुवांनी आपल्याला अनुग्रह द्यावा, शिष्य म्हणून पदरात घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. तो विचारायचा. बुवा म्हणायचे, “बघू.”

यंदा मात्र बुवा वेगळं बोलले होते.

“थोरल्या महाराजांची पुण्यतिथी येतेय. त्यांची वचनं भिंतीवर दाखव. लोकांना वाचता आली पाहिजेत. मग तुझं बोलू.”

सुश्रुतला आकाश ठेंगणं झालं. स्लाइड्स करायच्या, आणि त्याही त्याने. देवच पावला म्हणायचा.

ती पुण्यतिथी आज होती. सभामंडपाची भिंत चुना लावून पांढरीशुभ्र केली होती. जेवणं उरकली की वचनं दाखवायची होती, आणि सुश्रुतला एकही वचन वाचता येत नव्हतं.

भानगड अशी झाली होती. थोरल्या महाराजांची वचनं बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या भक्ताने टाइप करून ठेवली होती. त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट लावला तरच मराठी दिसणार. नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. भक्ताने फॉन्टही पाठवला होता. सुश्रुतने तो न बघताच आपल्या खजिन्यात टाकला. ह्या खजिन्यात जगभरातून गोळा केलेले शेकडो फॉन्ट होते, आणि कोण कुठला हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी फोन केला, तर भक्त म्हणाला, “नाव काही आठवत नाही हो. यादीत बघा, साधंसं मराठी नाव आहे. दिसलं की कळेल.”

यादीत दिसत होतं ते हे. ड्ढफ्म्लीह्व.

ते जुने मराठी फॉन्ट असेच. इंग्रजी अक्षर आलं की त्याच्या जागी कुठलातरी मराठी तुकडा काढायचे. त्यामुळे त्यांचं इंग्रजीतलं नाव त्यांच्याच अक्षरात दाखवलं, की त्याचा पार बट्ट्याबोळ. काही परदेशी फॉन्ट तर नावाच्या जागी कात्री, फुलं आणि टेलिफोन दाखवत होते.

सुश्रुतने मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. मशीनच्या आठवणीत साठलेला जुना कचरा पुसला. एकेक फॉन्ट लावून बघायला गेला, तर मेन्यू मध्येच गोठून बसायचा. तेव्हा कुठे तो बुवांना म्हणाला होता, की बुवा, जमेल असं वाटत नाही.

“तू त्यांना सांगत का नाहीस?” बुवा म्हणाले.

“काय सांगू?”

“की बाबांनो, नावं नीट सांगा.”

“तसं नसतं हो, बुवा. इथे प्रत्येक फॉन्ट आपलं नाव आपल्याच अक्षरात दाखवतो. तीच तर शोभा आहे. मी शिकवतानासुद्धा सांगतो. प्रत्येकाने आपली ओळख आपणच द्यावी, आपल्या ढंगात.”

“अच्छा.”

बुवांनी यादी वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिली.

“सगळे तुझ्याच शाळेतले दिसतात.”

…

“आवो, पानं वाढल्याती,” स्वयंपाकघरातून गोदाक्कांची हाक आली. मठाची चूल त्यांच्या ताब्यात होती, आणि त्यांच्या हाकेपुढे बुवांचंही काही चालत नसे.

“मी नंतर जेवतो,” सुश्रुत म्हणाला.

बुवांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

“बुवा, अहो, माझी दोन वर्षं…”

“भात निवतोय.”

पंगत बसली. मठाच्या पंगतीची एक रीत आहे. पहिला घास घ्यायच्या आधी सगळ्यांची ओळख व्हायची, पण स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची नाही. ती शेजाऱ्याने करून द्यायची. ओळख नसेल तर विचारून घ्यायचं, आणि जेवढं ध्यानात राहील तेवढंच सांगायचं.

सुश्रुत पहिल्यांदा आला होता, तेव्हा त्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने उभं राहून स्वतःच सुरुवात केली होती. शिक्षण, पदकं, सिंगापूरचं भाषण. आमटीवर साय धरली होती, असं गोदाक्का अजून सांगतात. रीत कळल्यावरही त्याला तो एक खेळच वाटायचा. खेड्यातली मजा, दुसरं काय.

आज बुवा नेमके त्याच्या शेजारी येऊन बसले. ओळख फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली. सुश्रुतची ओळख त्यांनी करून द्यायची होती.

“हा सुश्रुत,” बुवा म्हणाले. “भूक लागलीय त्याला.”

पंगत खळखळून हसली. सगळ्यांना तो कोण ते कळलं. कुणी त्याच्याकडे बघून मान हलवली, कुणी म्हणालं, वाढा हो ह्याला.

सुश्रुतने आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, आणि सांगता सांगता वरणभात कालवणारा त्याचा हात थांबला.

“बुवा…”

“जेव.”

“बुवा, नाव दुसऱ्याने सांगायचं.”

“दोन वर्षं जेवतोयस की इथं.”

“नाही, म्हणजे… त्या फॉन्टांचं नाव. त्यांना त्यांच्या अक्षरात सांगू द्यायचंच नाही.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. फॉन्टातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“भरल्या ताटावरून उठू नये,” ते म्हणाले. “पण तू ऊठ. लाडू मी राखून ठेवतो.”

तो खरकट्या हातानेच पळाला. डाव्या हाताने झाकण उघडलं, सेटिंग शोधलं. फॉन्टची नावं त्यांच्याच रूपात दाखवा, असा तिथे एक चौकोन होता, आणि त्यात बरोबरची खूण होती. ती खूण कधीकाळी मोठ्या हौसेने त्यानेच केलेली. मशीनचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

त्याने खूण काढली.

यादी पुन्हा उघडली. सगळी नावं एकाच साध्या, सारख्या अक्षरात, शाळेच्या रांगेसारखी उभी होती. कुणाचा तोरा नाही, कुणाची कात्री नाही. त्यांत एक नाव होतं सुबोध.

त्याने ते लावलं, आणि स्लाइडवर थोरले महाराज मराठी बोलू लागले.

सुश्रुत एकटाच मोठ्याने हसला. सकाळपासून ड्ढफ्म्लीह्व म्हणून जो भेटत होता, तो हाच सुबोध. त्याला इतका आनंद झाला, की त्या फॉन्टचाच मुका घ्यावा असं वाटलं.

इथवर सगळं छान झालं. पण माणसाचा जुना स्वभाव एका जेवणात थोडाच जातो. लोक मंडपात जमू लागले, तेव्हा सुश्रुतच्या मनात आलं, की शेवट जरा झोकात व्हायला हवा. म्हणून शेवटच्या वचनाला त्याने आपला सर्वांत लाडका फॉन्ट लावला. परदेशी, वेलबुट्टीचा, सोनेरी. तेवढ्यात हाक आली, आणि तो कसा दिसतो ते बघायचं राहून गेलं.

मंडपाची दारं लोटली. भिंतीवर पहिलं वचन उमटलं.

लोकांनी ते एका सुरात वाचलं. मग दुसरं. मग पुढचं. ज्यांना वाचता येत नव्हतं, ते शेजाऱ्याच्या मागून म्हणत होते. एका वचनाला तर लोक इतके हसले, की ते पुन्हा दाखवावं लागलं. कोपऱ्यात घोंगडीवर बसलेले बुवा मांडीवर थाप देत होते. सुश्रुतच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या स्लाइड्सना टाळ्या खूप मिळाल्या होत्या, पण त्या कुणी अशा मोठ्याने वाचल्या नव्हत्या.

मग शेवटची स्लाइड आली.

भिंतभर सोनेरी चौकटी. ओळीने मांडलेल्या. सगळ्या रिकाम्या.

…

“ह्ये काय लिवलंय?” गोदाक्का म्हणाल्या.

काही जणांनी, असावं काहीतरी गहन, म्हणून हात जोडले.

त्या लाडक्या फॉन्टमध्ये नुसती नक्षी होती; मराठी सोडाच, साधी इंग्रजी अक्षरंही नव्हती. तो लॅपटॉपकडे धावला.

“राहू दे,” बुवा म्हणाले.

“एक मिनिट, बुवा. फॉन्ट बदलला की…”

“राहू दे म्हटलं ना. तू तोंडाने सांग. काय वचन होतं?”

सुश्रुतने तोंड उघडलं.

त्याला सोनेरी रंगाची छटा पाठ होती. अक्षरांची सावली कुठे पडणार होती ते पाठ होतं. अक्षरं कशी तरंगत येणार आणि कशी विरणार, तेही पाठ होतं.

…

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पाण्याबद्दल, दिव्याबद्दल एखादं वाक्य, आणि सगळ्या मंडपाने माना डोलावल्या असत्या. वाक्य जिभेवर आलंही होतं. नाही म्हटलं तरी वर्षातली ही एकच संधी होती, आणि बुवांचं ‘बघू’ पुन्हा ऐकायची त्याला भीती वाटत होती.

“मला माहीत नाही, बुवा,” तो म्हणाला. “मी ते वाचलंच नाही. बाकीच्या वचनांना फॉन्ट धड लावला, पण हे शेवटचं… हे मी नुसतं सजवलं.”

गेलं, सुश्रुतच्या मनात आलं. दोन वर्षं गेली. संध्याकाळची एसटी गाठावी आणि तोंड काळं करावं. पण गंमत अशी, की त्याला एकदम हलकं वाटलं. त्याने भिंतीवरच्या त्या झगझगीत रिकाम्या चौकटींकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं. आवरेना. मग बुवाही हसू लागले, पोट धरून, डोळे पुसत. मग गोदाक्का. मग सगळा मंडप.

हसणं ओसरलं, तेव्हा बुवा घोंगडीवर थोडे बाजूला सरकले. शेजारी जागा केली आणि त्या जागेवर हाताने दोनदा थोपटलं.

त्या घोंगडीवर बुवा फक्त आपल्या शिष्याला बसवत. तिथे कुणी बसल्याला कित्येक वर्षं झाली होती. गोदाक्कांनी तोंडाला पदर लावला.

सुश्रुत आला आणि बसला.

मग त्याने हळूच विचारलं, “बुवा, तुम्हाला तर ठाऊक असेल. काय आहे हो ते वचन?”

बुवा भिंतीकडे बघत होते. एका चौकटीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे त्यांची नजर सावकाश सरकत होती.

“थांब जरा,” ते म्हणाले. “मी अजून वाचतोय.”