पेवाचं तोंड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्षरन् अक्षर खरी आहे, माझ्या पणजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. आता, पणजोबा जन्मापासून आंधळे होते, ते सोडा. ते गाव अजून तिथंच आहे, हवं तर जाऊन पाहा. किंवा नकाच जाऊ. सापडायचं नाही.

तेव्हा तिथं गाव नव्हतंच. तीन वाटा एकत्र येत होत्या, एक लिंब होता आणि चार झोपड्या होत्या. एके दिवशी मिठाच्या गोण्या लादलेला बैल हाकत एक तरुण आला. मागून त्याची थोरली बहीण चालत होती. ती विधवा, आणि ह्याला तिनंच लहानाचं मोठं केलेलं. दोघंही उपाशी. एका झोपडीतल्या म्हातारीनं त्यांच्या पदरात मूठभर ज्वारी टाकली.

तरुण तिथंच राहिला. मीठ देऊन धान्य घेऊ लागला. पुढं लिंबाखाली आठवड्याचा बाजार भरवला. बाजारामागे माणसं आली, माणसांमागे घरं आली, आणि घरांमागे भांडणं आली. तेव्हा ते गाव झालं. तरुणाचा शेट झाला. बहिणीला सारं गाव आक्का म्हणू लागलं.

त्या मूठभर ज्वारीची आठवण शेटनं ठेवली. त्यानं बाजाराला एक रीत लावून दिली. जो कुणी धान्य विकायला बसेल, त्यानं माप सुरू करण्याआधी एक मूठ गावासाठी बाजूला टाकायची. ती ज्वारी लिंबाजवळच्या पेवात जाई. जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड अरुंद, पोट मोठं. वाईट दिवसांची बेगमी.

पेवात कोंडलेली हवा माणसाला मारते, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून दर अक्षय तृतीयेला सगळ्यांसमक्ष झाकण काढत. दिवसभर पेवाला वारं खाऊ देत. मग दोरीला बांधून दिवा आत सोडत. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरे.

"दिवा विझला तर माणूस विझेल," असं शेटच सगळ्यांना बजावायचा.

एका अक्षय तृतीयेच्या बाजाराला, पेव उघडं असताना, कुणी परका वाटसरू आला. त्यानं पेवाकडे बोट दाखवून एका माळणीला विचारलं, "ही एवढी ज्वारी कुणाची, बाई?"

"आमची," माळीण म्हणाली आणि भाजीवर पाणी मारू लागली.

शेट शेजारीच उभा होता. आमची. त्याचं नावसुद्धा नाही. तो शब्द त्याला रुतलेल्या काट्यासारखा सलत राहिला.

पुढं गाव जत्रेला गेलं असताना त्यानं परमुलखातले मजूर लावून ओढ्यापलीकडच्या घळीत दुसरं पेव खणवलं, सगळी ज्वारी तिकडे हलवली आणि तोंडावर माती, मातीवर काट्या टाकल्या. गाव परतल्यावर म्हणाला, "चोर माजलेत. आता जागा मला एकट्याला ठाऊक असलेली बरी."

लोकांनी माना डोलावल्या. मूठ टाकत राहिले. मात्र आता ते लिंबाकडे न पाहता शेटच्या उंबऱ्याकडे पाहून हात जोडू लागले. शेटला ते गोड वाटलं.

मग पाऊस गेला. एका साली गेला, दुसऱ्या सालीही गेला. ओढ्यात वाळू उरली. लोक शेटच्या दारात उभे राहू लागले. तो घरच्या कणगीतून प्रत्येकाला एकेक माप द्यायचा. आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शेट लाभ म्हणायचा आणि हात आखडायचा. दोन म्हणण्याची वेळ कधी आलीच नाही.

आधी म्हातारी माणसं गेली. मग अंगावर पिणारी.

आक्का म्हणाली, "पेव उघड."

"वेळ आली नाही, आक्का."

"वेळ काय मेण्यात बसून येणार आहे? माळणीचा नातू गेला आज. तिनंही मूठ टाकली होती रे."

"आणि उद्या याहून वाईट दिवस आले तर?"

"उद्याचं सांगू नकोस. ज्वारी वाटून झाली की दारात कोण येणार, ही तुझी चिंता. मी तुला कडेवर घेऊन हिंडले आहे, मला शिकवू नकोस."



आक्कानं आपलं ताट ओसरीवर पालथं घातलं. "पेवातली भाकरी येईल तेव्हा हे सुलटं करीन," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

ती खरंच जेवेना. तिचे डोळे खोल गेले, तसा शेट हादरला. जगात त्याचं तेवढंच माणूस होतं. पण गावासमोर पेव उघडायचं म्हणजे दिवसभर तोंड उघडं राहणार, सारं गाव कडेनं उभं राहणार आणि म्हणणार, आमची. ते त्याला सोसेना. त्यानं ठरवलं, गुपचूप एक गोणी आणावी आणि पाहुण्यांनी धाडली म्हणून सांगावं.

भर दुपारी तो बैलाला घेऊन घळीत गेला. मिठाच्या गोण्या आणणारा तोच बैल. इतकी वर्षं कसा जगला, ते मला विचारू नका. शेटनं माती उकरली, झाकण सरकवलं. वारं खाऊ द्यायला धीर नव्हता. दिवा आणलाच नव्हता. कुणी पाहू नये म्हणून त्यानं आत पाय सोडून पेवाच्या तोंडावर काट्या ओढून घेतल्या आणि खाली उतरला.

वर आला नाही.

संध्याकाळी बैल एकटाच गावात आला. आक्कासमोर उभा राहून माणसासारखा बोलला, "आक्का, मालक घळीत आहेत. पेवही तिथंच आहे."

गाव धावलं. झाकण उघडं ठेवलं, वारं दिलं, दिवा सोडला, तो तेवत राहिला. आधी शेटला वर काढलं, मग ज्वारी. गावात चुली पेटल्या. आक्कानं ताट सुलटं केलं आणि भावासाठी रडत रडत भाकरी खाल्ली.

तात्पर्य: जे सगळ्यांसाठी साठवलं, त्याची वाट सगळ्यांना ठाऊक असू द्यावी.

आता तुम्ही विचारणार, ह्यातलं खोटं काय? बैल कधी बोलतो का? तो घळीतून हललाच नाही. त्याचं दावं शेटनं बाभळीला बांधलेलं होतं. गावानं शेटचं घर खणलं, दुकान खणलं, लिंबाखालची जमीन खणली. आपली ज्वारी तो घरापासून इतकी लांब ठेवील, असं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्यांच्या पायांत बळ होतं, ते गाव सोडून गेले. पुढं पाऊस आला आणि घळीतला चिखल पेवात उतरला.

म्हणजे बैलाचं बोलणं मी घातलं, चुली मी पेटवल्या आणि आक्काच्या ताटातली भाकरीही माझीच. ताट तेवढं खरं होतं. पालथं.