टेक म्हंजी काय?

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव भिवा. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करी. गावात ही खोड दुसऱ्या कुणाला नव्हती, म्हणून सगळे त्यालाच वेडा म्हणत.

भिवाचा जीव यसूवर होता. भिवाचं बोलणं ऐकून गाव हसे, तशी यसूही हसे. पण हसून झाल्यावर ती त्याला भाकरी वाढी. असं करणारी गावात ती एकटीच. तिचा बाप केरबा मात्र अडून बसला होता. "जावई नोकरीवाला पायजे," तो म्हणाला. "पंधरा दिस एका जागी टिकून दाव. मग पोरगी देतो."

भिवा आजवर कुठेही तीन दिवसांवर टिकला नव्हता.

भिवाचा मामा नागू गावाबाहेरच्या डाक बंगल्यावर खानसामा होता. त्याच सुमारास तिथे विलायतेची एक म्हातारी मॅडम उतरली. पठारावरची रानफुलं बघायची, कागदात दाबायची, हा तिचा उद्योग. वरकामाला गडी हवा होता. मामानं भिवाला धुतलेला सदरा घालून तिच्यासमोर उभं केलं.

मॅडम हसून म्हणाली, "प्लीज, टेक अ सीट."

भिवा खाली टेकला. सतरंजीवर मांडी घालून व्यवस्थित बसला.

"गुड!" मॅडम म्हणाली.

मामा चाट पडला. "आरं, तुला इंग्लिश कुठनं आलं?"

"त्यात काय यायचंय? टेक म्हनाली, टेकलो. मराठीच बोलते की बाई, जरा नाकातनं."

दुसऱ्या दिवशी चहा झाला. मॅडमनं टेबलावरच्या ट्रेकडे बोट केलं. "भिवा, टेक द ट्रे."

भिवानं ट्रे नीट न्याहाळला. जागा जरा कमीच होती. पण नोकरीचा प्रश्न होता. तो किटलीच्या बाजूनं टेकला.

तीन कप गेले, बशा गेल्या, किटलीची तोटी गेली. मामानं कपाळावर हात मारला. "आरं शहाण्या, टेक म्हंजी घे!"

"घे होय? मग आधी सांगायचं."

चार दिवसांनी मॅडमला पठारावर एक निळं फूल सापडलं. ती हरखली, फुलाशेजारी गुडघ्यांवर बसली, भिवाच्या हातात कॅमेरा दिला आणि म्हणाली, "टेक अ फोटो!"

घे म्हणजे घे. भिवा तडक डोंगर उतरला. बंगल्याच्या भिंतीवर कुणा मिशाळ इंजिनियरचा फोटो होता. तो त्यानं घेतला, सदऱ्याखाली झाकून घरी नेला आणि देवळीत ठेवला. त्याच्या आईनं फोटोला हळदकुंकूही वाहिलं. मॅडम पठारावर अंधार पडेपर्यंत हसऱ्या चेहऱ्यानं बसून होती.

"आरं, फोटुला टेक म्हंजी काढ!" मामा ओरडला.

"काढ. बरं."

सकाळी मॅडमनं मोठ्या मनानं त्याचा गुन्हा पोटात घातला. स्वतःच्या हातानं चहा करून त्याच्यापुढे ठेवला. "टेक युअर टी."

भिवानं चहा काढला. कपातून काढला आणि खिडकीतून बाहेर ओतला. एक थेंब मागे ठेवला नाही. कप बोटानं पुसून तिच्यापुढे ठेवला.

मामाला घाम फुटला. "चहाला टेक म्हंजी पी! समदाच्या समदा पिऊन टाकायचा!"

"एकाच शब्दाला इतकी कामं? बाई गरीब दिसते. दुसरा शब्द न्हाई का तिच्याकडं?"

त्या आठवड्यात मामाला खोकला झाला. मॅडमनं औषधाची गच्च भरलेली बाटली भिवाच्या हाती दिली. "टेक धिस टू मामा."

भिवानं तिथल्या तिथे बूच काढलं आणि समदंच्या समदं औषध घशात ओतलं. नंतर तो सरपणाच्या ढिगावर जो आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. मामा रात्रभर खोकला. खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये त्यानं धडा दिला, "तितं टेक म्हंजी... ने!"

चौदावा दिवस उजाडला. भिवा अजून टिकून होता. मॅडमला तो आवडू लागला होता. आपल्या देशात इतकी निरागस माणसं उरली नाहीत, असं ती पत्रात लिहीत होती. संध्याकाळी ती फिरून आली, अंगातला कोट काढला, भिवापुढे धरला. खुंटी त्याच्या मागेच होती. "टेक माय कोट."

भिवानं कोट नेला. थेट घरी. आईनं तो नुकत्या व्यालेल्या शेळीच्या करडावर पांघरला. कोट परत आला तेव्हा त्याला लोकरीपेक्षा शेळीचाच वास जास्त होता.

आता मात्र मामानं त्याला समोर बसवलं. उद्याचा एकच दिवस राहिला होता. "भिवा, कान उघडे ठेव. मोठ्या मानसानं सोताची वस्तू पुढं केली, 'टेक माय' म्हनालं, की हात लावायचा न्हाई. हात जोडायचे आन् म्हनायचं, 'नो, थँक्यू.' याला रीत म्हंत्यात."

"नो, थँक्यू," भिवानं रात्रभर घोकलं. यसूसाठी तो काहीही घोकायला तयार होता.

पंधरावा दिवस पार पडला. संध्याकाळी केरबाच्या अंगणात पंचमंडळी जमली. मॅडम पाटावर बसली. दाराआड यसू हिरवं लुगडं नेसून उभी होती. केरबाचा ऊर भरून आला होता. विलायतेच्या बाईसमोर गावाची लाज राहावी म्हणून त्यानं मास्तरांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. तो उठला, यसूला हाताला धरून पुढे आणली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भिवा! टेक माय डॉटर!"

भिवानं यसूकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मग मामाचे शब्द आठवून त्यानं अदबीनं हात जोडले.

"नो, थँक्यू."

एक अक्षर चुकलं नाही. मॅडमनं नकळत मान डोलावली आणि मग तोंडावर हात धरला. यसू पदर तोंडाशी धरून घरात पळाली. केरबा मटकन खाली टेकला.

"मामा, बगा, बगा!" भिवा आनंदानं ओरडला. "टेकले! मी पयल्या दिवशी काय म्हनत हुतो?"